कालचा काटा

“अठरा,” इंद्रायणी म्हणाली आणि तिने टेबलावरचा कॉम्प्युटरचा हिरवा झालेला पडदा यमाजीकडे फिरवला. “शंभरात अठरा. पाय जायचा धोका एवढाच दाखवतंय, बाबा. पन्नासच्या वर गेलं असतं तर आत्ताच्या आत्ता पुण्याला धाडलं असतं. आता घरी जावा, एक दिवसाआड पट्टी बदला, आणि दोन आठवड्यांनी मोठे डॉक्टर येतील तेव्हा दाखवा.” एवढं बोलून तिने हातातला त्याचा डावा पाय पटकन सोडला. पाय स्टुलावरून घसरून खाली चपलेवर आला. तिने हातमोजे काढून डब्यात टाकले आणि दारातल्या पुढच्या माणसाला हाक मारली. शेजारी बसलेल्या रतनबाईने कपाळाला हात लावून कुठल्याशा देवाला नमस्कार केला. आता यमाजीने हसायला हवं होतं. पण त्याला हसू येईना. आपण सांगितलेलं कुणी इतक्या लवकर खरं मानलं, हे त्याच्या सगळ्या आयुष्यात दुसऱ्यांदा घडत होतं.

जुन्नरच्या त्या दवाखान्यात साखरेवाल्यांच्या पायांसाठी नवी खोली काढली होती. तिथे ही पोरगी एकेकाला स्टुलासमोर बसवी, कॉम्प्युटर विचारील ते विचारी आणि उत्तरं टाइप करी. वय किती, तंबाखू खाता का, साखर किती वर्षांची, आधी कधी जखम झाली होती का. यमाजीने सगळी नीट उत्तरं दिली. तिने मोजपट्टी लावून जखमेची लांबीरुंदी मोजली, घोट्याखाली दोन बोटं ठेवून नाडी चाचपली. आणि मग सहज, मान वर न करता तिने विचारलं, “जखमेला किती दिवस झाले?” आणि यमाजीच्या तोंडून तितकंच सहज निघालं, “झालं असतील आठ दिस.” विचार करून बोललेलं खोटं नव्हतं ते. ती त्याच्या जिभेची सवय होती. चाळीस वर्षं त्याने मेंढरं विकली. बेल्ह्याच्या बाजारात लंगडणारी मेंढी घेऊन उभं राहिलं की गिऱ्हाईक विचारणारच, कधीपासून लंगडतीय? आणि सांगायचं असतं एकच, कालच काटा गेलाय. बाजारात हे कुणाला खोटं वाटत नाही, कारण कुणी ते खरं मानतच नाही. काल म्हटलं की समोरचा मनात पंधरवडा धरतो, आठ दिस म्हटलं की दोन-तीन महिने धरतो, मग स्वतः वाकून खूर दाबून बघतो, दोघं थोडं भांडतात, थोडं हसतात आणि खरं काय ते न बोलता दोघांच्या मध्ये येऊन बसतं. यमाजीला वाटलं होतं, पोरगी म्हणेल, काय बाबा, खरं सांगा की. तिने तर ठक ठक करून आठाचा आकडा हाणला आणि पुढचा प्रश्न विचारला.

आणि तो धागा. तो आठवला की यमाजीला स्वतःचीच लाज वाटे. नायलॉनचा, दांडीला लावलेला एक केसाएवढा धागा होता. पोरगी म्हणाली, डोळे मिटा, तळव्याला दहा जागी टेकवते, जिथं लागेल तिथं हो म्हणा. त्याने डोळे मिटले. आणि त्याच्या लक्षात आलं की खाली काहीच नाही. घोट्याच्या पुढे पाय आहे हे त्याला फक्त माहीत होतं. पण पोरगी पुढे वाकली की तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. किणकिणल्या की यमाजी म्हणे, “व्हय.” पुन्हा किणकिणल्या, “व्हय.” दहापैकी सात-आठ वेळा त्याने असं केलं, मध्ये एक-दोनदा मुद्दाम गप्प बसला. बासष्ट वर्षांचा बाप्या, नातवंडं असलेला, आणि कॉपी करणाऱ्या पोरासारखा वागला. तेव्हा मात्र त्याला मनातून थोडी मजा वाटली होती, नाही म्हणता येणार नाही. अठरा त्या मजेतून आले होते.

घरी वारूळवाडीला आल्यावर सुनेने, हिराने, दारातच विचारलं आणि सासूच्या तोंडून अठरा ऐकल्यावर ती हसलीच. “साळंत अठरा पडलं की नापास, आन् हितं अठरा म्हंजी पैला नंबर!” मुलगा सयाजी टोमॅटोचा पिकअप खाली करून आला, त्यालाही आकडा कळला. मग शेजारी कळला. मंगल कार्यालयात कळला, जिथे यमाजी गेली सहा वर्षं गेटवर वॉचमन होता. दोन दिवसांत तो आकडा आळीभर झाला. रस्त्याने जाणारा म्हणे, “काय पावणं, अठराच ना? मंग झालं तर!” आणि यमाजी खाटेवर पाय पसरून मान हलवी. जो तो त्याला हा आकडा भेट दिल्यासारखा देऊन जाई. त्याला कुणाचं तोंड बघवेना. सगळ्यांत जास्त त्याला सयाजीचा राग येत होता, कारण सयाजी खरोखर खूश होता. बापाचा पाय गेला तर या घराचं काय, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर इतके दिवस होता, तो आता पुसला गेला होता. कुणी इतकं सुखात असलं की त्याला खरं कसं सांगायचं?

खरं सांगायचं तर जखम झाली ते कार्यालयातलं लग्न माघातलं होतं आणि आता वैशाख चालू होता. कार्यालयाने वॉचमनला काळे बूट दिले होते. जन्मभर टायरच्या वहाणा घातलेल्या पायाला ते बूट सोसेनात, पण साहेबी दिसत. त्या दिवशी हजार पान उठलं. सकाळपासून तो गेटवर उभा होता, गाड्या लावून घेत होता, नवरदेवाच्या वरातीला वाट करून देत होता. संध्याकाळी मांडव उतरायला लागला तेव्हा त्याने आचाऱ्याच्या भट्टीशेजारी बसून बूट काढला, तर मांडवाच्या कापडाला लावायची टाचणी मोज्यासकट तळव्यात पुरती रुतलेली. डोकं तेवढं वर. किती वेळ ती आत होती कुणास ठाऊक. तो दिवसभर तिच्यावर उभा होता. त्याने चिमटीत धरून ती उपसली, मागोमाग रक्ताचा एक थेंब आला, आणि दुखलं काहीच नाही. आचारी डोळे फाडून बघत होता. तेव्हा यमाजी काय म्हणाला? “धनगराचा पाय हाय, राव. बाभळीचा काटा मोडतो ह्यात, टाचणीचं काय घिऊन बसलात!” आचारी हसला, वाढपी हसले, यमाजीही हसला. त्या दिवशी त्याला खरोखर अभिमान वाटला होता. घाटाखाली कोकणात मेंढरं घेऊन जाताना बरोबरचे काट्याने विव्हळत आणि हा पुढे चालत राही. तोच पाय अजून आपल्याला साथ देतोय, असं त्याला वाटलं. पाय केव्हाच निघून गेला होता आणि हा त्याच्या नावाने मिशीला पीळ देत होता.

मग टाचणीच्या जागी भोक राहिलं, भोकाभोवती पांढरं कातडं आलं, कातड्याखाली ओल आली. त्याने हळद लावली, बिडीची राख लावली, चिंधी बांधली. बूट घालून गेटवर उभा राहिला, कारण दुखतच नव्हतं तर रजा कशाची मागायची? चिंधी तो स्वतः धुवायचा, मोरीत, रतनबाई देवळात गेली की. तीन महिने हे चाललं. शेवटी कार्यालयाच्या मालकाने बुटातून ओघळ बघितला आणि त्यानेच जुन्नरला पाठवलं.

आता खाटेवर पडल्यापडल्या यमाजीला उगाच मेंढरांचे पाय आठवत. आपला आठवायचा सोडून. चौमाशात वाट चिखलाची झाली की खुरं सडत, आणि आजूबाजूच्या चार वाड्यांवरचे लोक लंगडी मेंढी खांद्यावर टाकून त्याच्याकडे येत. तो काही वैदू नव्हता, पण त्याचं नाक होतं. मेंढी कुशीवर पाडायची, पाय गुडघ्यावर घ्यायचा, खूर फाकवून अंगठा दाबायचा, आणि वास घ्यायचा. चिखलाचा, लेंडीचा वास असला तर काही नाही, ही चालेल. पण एक गोडसर वास असतो, शिळ्या ताकात गूळ पडल्यासारखा. तो आला की आत हाडाला लागलं. मग ती मेंढी कळपात ठेवायची नाही. ही चालंल आणि ही न्हाई चालायची, एवढंच सांगायचं काम, आणि यमाजीचं सहसा चुकत नसे. मात्र वाईट असेल ते तो तोंडाने सांगत नसे. बाया मेंढरं पोटच्या पोरासारखी सांभाळतात, त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं? चांगली असेल तर तो तिचा पाय झटक्यात सोडून देई, मेंढी तडमडत उठे आणि पळे. वाईट असेल तर तो पाय दोन्ही हातांनी अलगद खाली टेकवी आणि जरा वेळ तसाच धरून ठेवी. धनीण ते बघे आणि समजे. काहीजणी तिथेच पदर डोळ्याला लावत. तो मग पाणी मागे, किंवा पावसाचं काहीतरी बोले.

गेणभाऊने मात्र पाय बघितलाच नव्हता. गेणभाऊ आंबेगावकडचा, यमाजीच्या थोरल्या बहिणीच्या सासरचा, म्हणजे नात्यातला. त्याला यमाजीने बेल्ह्याला एक कपाळावर चांदणी असलेली मेंढी विकली. दिसायला देखणी होती. पुढच्या पायाने जरा कमी टेकायची. गेणभाऊने विचारलं, “कवापासनं?” यमाजी म्हणाला, “काल काटा गेलाय. आठ दिसांत चालंल.” वास त्याने आदल्या आठवड्यातच घेतला होता. तो वाट बघत होता की गेणभाऊ वाकेल, खूर फाकवेल, मग हा भावात दोन पावलं मागे येईल. गेणभाऊ वाकला नाही. “तू म्हंतोस तर कालचाच,” म्हणाला आणि दोरी हातात घेतली. यमाजीला तोंड उघडायला तेवढा वेळ होता, गेणभाऊ बाजाराच्या टोकापर्यंत जाईस्तोवर. चौमासा सरेपर्यंत ती सड गेणभाऊच्या कळपात पसरली. किती गेली ते यमाजीने कधी कुणाला विचारलं नाही, पण गेणभाऊने उरलेली फुंकून टाकली आणि तो मंचरला एका पोल्ट्रीवर राहिला. पुढच्या वर्षी बाजारात दिसला. यमाजी तोंड चुकवून निघाला होता, पण गेणभाऊनेच हाक मारून चहा सांगितला. इकडचं तिकडचं बोलला. उठताना म्हणाला, “यमाजी, काटा कालचाच व्हता न्हवं?” रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. यमाजी म्हणाला, “व्हय की.” तो चहा त्याला अजून आठवतो, जास्त गोड होता.

गेणभाऊ एक आणि हा कॉम्प्युटर दुसरा. दोघांनीच त्याला शब्दाचा माणूस मानलं. यमाजी रोज मनाशी ठरवी की आता पोरीला फोन करायला लावू. मग वाटे, मशीन आहे ते, त्याला काय कमी कळतं? एवढं शिकलेल्यांनी बनवलेलं, माणूस खोटं बोलतो हे त्यांना ठाऊक नसेल? त्यांनी धरलंच असेल मनात, आठाचे ऐंशी. असा विचार आला की घटकाभर बरं वाटे. अठरा हा आकडा मग त्याला खराच वाटू लागे, तो पाठ करी, त्याच्यावर रेलून बसे. हिरा पट्टी बदलायला आली की तिला म्हणे, ठिव, माझा मी करतो. भिंतीकडे तोंड करून तो पट्टी सोडी आणि न बघता नवी बांधी. बघायची हिंमत नव्हती. त्याला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी.

नवव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. उन्हाने पत्रा तडतडत होता. त्याने जुनी पट्टी सोडली, टाकायला हात लांब केला आणि तो हात तसाच राहिला. मग त्याने ती हळूच नाकाशी नेली. नेण्याची खरं तर गरज नव्हती. वास खोलीत आधीच होता, कालपासून असणार, परवापासून असणार, आणि बाकीच्यांना तो औषधाचा वाटत असणार. शिळं ताक आणि गूळ. त्याने पट्टी मांडीवर ठेवली. एवढी वर्षं झाली, दुसऱ्याच्या जनावराच्या पायाशी बसून त्याने जे एका श्वासात सांगितलं, ते स्वतःचं सांगायला नऊ दिवस आणि तीन महिने लागले. रतनबाई आली तेव्हा तो सदरा घालून दारात उभा होता. “जुन्नरला जायचं,” म्हणाला. “आत्ता.” “अजून पाच दिस हायत की,” ती म्हणाली, पण पिशवी घ्यायला आत वळलीसुद्धा.

एसटीत खिडकीशी तो बसला, शेजारी ती. गाडी निम्मी रिकामी होती. बाहेर द्राक्षांचे मांडव, मध्येच टोमॅटोचे क्रेट लादलेले पिकअप. लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागला, त्यातली लेण्यांची काळी भोकं दिसायला लागली, तेव्हा तो बाहेर बघतच म्हणाला, “रतन, ते आठ दिस न्हाईत.”

“म्हाईती हाय,” रतनबाई म्हणाली. “माघापासनं हाय ते.”

त्याने मान वळवली. ती समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होती.

“चादर कोन धुतं? पायथ्याला डाग पडायचा. तुमी मोरीत चिंधी धुवून पत्र्याखाली वाळत घालायचा, तीबी बघितली.”

“मंग तिथं बोलली का न्हाईस? शेजारीच बसली व्हतीस की!”

तिने पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. “तुमी आठ म्हनलात,” ती म्हणाली. “लई ठाम म्हनलात. मला वाटलं, मशीनमदी आठ लिवल्यावर आठच व्हत्याल.”

यमाजीला संताप आला. तो तसाच ओसरला, आणि मग त्याला तिची इतकी कणव आली की काय करावं कळेना. दोघं जण एकाच आकड्याला दोन बाजूंनी धरून बसले होते. त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. चाळीस वर्षांत चारचौघांत असा कधी ठेवला नव्हता. कंडक्टर पुढून बघत होता, बघू दे.

इंद्रायणी त्यांना बघून आधी हसली आणि मग पट्टी सोडताना हसायची थांबली. यमाजी स्टुलावर पाय ठेवून म्हणाला, “पोरी, ते तुझं मशीन पुन्यांदा लाव. मी सांगतो तसं लिव.” तिने पडदा चालू केला. वय, तंबाखू, साखर. जखमेला किती दिवस, तिथे ती थांबली आणि या वेळी तिने मान वर केली. “तीन म्हैनं,” यमाजी म्हणाला. “वर धा-बारा दिस.” तिच्या बोटांनी लगेच काही टाइप केलं नाही. “बाबा, मग त्या दिवशी…” एवढंच म्हणाली. तिला काय सांगायचं? बाजाराचं सांगायचं, गेणभाऊचं सांगायचं? तो म्हणाला, “चुकलं माझं.” हे दोन शब्द त्याने याआधी कुणाला म्हटल्याचं त्याला आठवेना. “नऊ दिवस गेले हो, बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, आणि खाली बघून तिने आकडा घातला.

मग तिने धागा काढला. “डोळे मिटा.”

“थांब,” यमाजी म्हणाला. “बांगड्या काढ आदी.”

तिला कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने दोन्ही हातांतल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि टेबलावर कागदावर ठेवल्या, वाजू नयेत अशा. यमाजीने डोळे मिटले. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर एसटी स्टँडवर कुणीतरी गाडीचं नाव पुकारत होतं. रतनबाईचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघू लागला. सगळं लक्ष त्याने खाली नेलं, घोट्याच्या पुढे, जिथे कोकणची वाट, चिखल, काटे, तापलेले खडक सगळं कधीतरी लागलं होतं. मनातल्या मनात तो म्हणत होता, एकदा लागू दे, एकदाच, करंगळीला तरी. तसाच बसून राहिला. पोरीला उशीर का होतोय त्याला कळेना, फोन आला की काय.

“लाव की, पोरी,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “मी तयार हाय.”

“झालं, बाबा,” इंद्रायणी म्हणाली. “दहाही जागा झाल्या.”

त्याने डोळे उघडले. ती पडद्याकडे वळली, काही आकडे भरले, एक बटण दाबलं आणि बघत राहिली. पडद्यावरचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, या वेळी हिरवा नव्हता. पडदा तिने त्याच्याकडे फिरवला नाही. फोन उचलून ती कुणाला तरी म्हणाली, “एक पेशंट पुण्याला, आजच. हो, गाडी लागेल.” फोन ठेवून ती परत त्याच्यासमोर बसली. रतनबाई विचारत होती, “किती आलं, ताई? अठराच ना गं?” पोरीने स्टुलावरचा यमाजीचा पाय दोन्ही हातांत घेतला, अलगद खाली आणला, फरशीवर टेकवला आणि हात लगेच काढून घेतले नाहीत.

यमाजी त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने रतनबाईला सांगितलं, “इचारू नगंस तिला,” आणि पोरीकडे प्यायला पाणी मागितलं.